पिचबुक

त्याला एक व्यवस्थित नाव आहे, पण ते आधार कार्डावर आणि आजीच्या तोंडी. टिळक रोडवरच्या आमच्या अमृततुल्यात तो पिचबुक, म्हणजे गिऱ्हाईक पटवायला इन्व्हेस्टमेंट बँकर नेतात ते सादरीकरण. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं. एका संध्याकाळी वडापाव कुठल्या गाडीवर खायचा यावर चर्चा चालली होती, तर याने मोबाइलवर तक्ता उघडला. बटाट्याचं वजन, चटणीचा दर्जा, रांगेत जाणारा वेळ आणि शेवटच्या रकान्यात ‘अपसाइड’. वडापावला अपसाइड काय असतो, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. तक्ता पुरा होईपर्यंत दोन्ही गाड्यांवरचे वडे संपले होते. आम्ही क्रीमरोल खाऊन घरी गेलो.

पिचबुक माझ्याकडे आर्टिकलशिपला होता. मी सदाशिव पेठेतला सीए. माझी उमेदीची वर्षं व्हॅटच्या, मग जीएसटीच्या रिटर्नांत आणि सोसायट्यांच्या ऑडिटात गेली. माझी गेली याला पिचबुकची हरकत नव्हती, त्याची जाऊ नयेत एवढंच त्याचं म्हणणं होतं. “सर, मला डील करायचीय,” असं तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला. समोर एका पतसंस्थेच्या व्हाउचरांचा ढीग पडला होता. मी म्हटलं, आधी यांना टिक कर.

हा काही एकटा नव्हे. नवी पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत रात्री अकराला डोकावा. एमपीएससीवाल्यांच्या रांगेत एक टेबल असं असतं, की तिथे राज्यघटनेचं पुस्तक नसतं, लॅपटॉप असतो. त्यापुढे बसलेला मुलगा माऊसला हात न लावता एक्सेल चालवायचा सराव करत असतो. इन्व्हेस्टमेंट बँकेत माऊस वापरणं कमीपणाचं समजतात म्हणे. बोलताना तो ‘डिपेंड्स’ने सुरुवात करतो. लझार्ड १८४८ साली अमेरिकेत कापडचोपडाचं दुकान म्हणून सुरू झाली, हे त्याला पाठ असतं. आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी कोण हे नसतं. मोठ्या परदेशी बँका मुलं उचलतात ती आयआयएमच्या आवारातून. तिथून डेक्कन दिसत नाही. मग उरतात छोट्या. आणि छोट्यांतली दोन दारं एकदम उघडली, की या मुलाचं खरं काम सुरू होतं: तो निवडायला बसतो.

पिचबुकची दोन दारं एकाच महिन्यात उघडली.

घरी बातमी कळली तेव्हा मुद्द्याचा प्रश्न आजीने विचारला. “ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त देतात ना?” इन्व्हेस्टमेंट बँक ठेवी घेत नाही हे ऐकल्यावर ती म्हणाली, “मग बँक कसली?” वडील बँक ऑफ महाराष्ट्रमधून निवृत्त झालेले. त्यांनी समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. काउंटर नाही, पासबुक नाही, खातेदार नाही. मग आहे काय? कोणाला कंपनी विकायची असते, कोणाला घ्यायची असते, कोणाला शेअर काढून पैसा उभारायचा असतो. आपण मध्ये उभं राहायचं, कागद करायचे, भाव काढून द्यायचा आणि सौदा झाला की टक्का घ्यायचा. वडील जरा थांबले आणि म्हणाले, “म्हणजे दलाली.”

“ॲडव्हायझरी, बाबा.”

“बरं. पाच दहाची डेक्कन क्वीन मिळेल ना?”

डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे, पण ती पकडून घरी जेवायला येणारा इन्व्हेस्टमेंट बँकर तिने अजून पाहिलेला नाही.

आईचा कौल खराडीला, म्हणजे परदेशी बँकांच्या तिथल्या कार्यालयांना होता. पुण्यातल्या दर तिसऱ्या लग्नात ‘आमचा मुलगा इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे’ हे वाक्य ऐकू येतं आणि ते खोटंही नसतं. बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस, सगळ्यांची मोठाली कार्यालयं इथे आहेत. लंडन-न्यूयॉर्कात कोणी सौदा केला की त्याचा हिशेब इथे जुळतो, जोखमीचे अहवाल इथे बनतात, संगणकाची बाजू इथे सांभाळली जाते. पगार वेळेवर, गाडी दाराशी. प्रत्यक्ष सौदा होताना मात्र तिथे कोणी पाहिलेला नसतो. क्रेडिट सुईसमध्ये लागलेली मुलं २०२३ मध्ये खुर्चीवरून न उठता यूबीएसची झाली. इतक्या मोठ्या विलीनीकरणाच्या इतक्या जवळ बसूनही त्यांना ते ईमेलनेच कळलं. पिचबुकने खराडीला शून्य गुण दिले. आई दोन दिवस बोलली नाही.

आता ही दोन दारं. छोट्या इन्व्हेस्टमेंट बँकेचं नाव ठरलेल्या पद्धतीने पडतं: आधी एखादं नक्षत्र, पर्वत किंवा इंग्लंडातलं खेडं, पुढे ‘कॅपिटल’, त्यापुढे ‘पार्टनर्स’. पार्टनर एकच असतो. दुसरी त्याची बायको, सहीपुरती. पहिली बँक मुंबईत लोअर परळला, काचेच्या इमारतीत. ती लहान कंपन्यांचे आयपीओ आणायची. दुसरी इथेच, प्रभात रोडच्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. ती भोसरी-चाकणच्या कारखानदारांना गिऱ्हाईक शोधून द्यायची. पहिलीत नऊ माणसं, दुसरीत चहावाला धरून चार.

पिचबुकने तक्ता केला. पगार, भाडं, कामाचे तास, किती डील झाल्या, मॉडेलिंग शिकायला मिळेल का, ब्रँड, हुद्दा. प्रत्येकाला वेटेज. शेवटचा रकाना ‘एग्झिट’, म्हणजे इथून बाहेर पडल्यावर पुढे कुठे जाता येईल. सबंध आयुष्य एकाच बँकेत काढलेल्या वडिलांना हा रकाना लागला. “अजून लागला नाहीस, आणि सोडायची तयारी?” शुक्रवारी लोअर परळ पुढे असे, रविवारी प्रभात रोड. बेरीज समसमान आली की तो वेटेज बदले आणि नवी आवृत्ती मला पाठवे. फाइलच्या नावापुढे ‘फायनल’, मग ‘फायनल फायनल’, मग ‘फायनल यूज धिस’. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की म्हणे, “सर, हे सक्सेस फीमध्ये धरा.”

लोअर परळच्या मुलाखतीवरून तो भारावून आला होता. तिथल्या साहेबांनी विचारलं, घसारा दहा रुपयांनी वाढला तर तिन्ही पत्रकांत काय बदलेल? जगातल्या प्रत्येक इन्व्हेस्टमेंट बँकेत हा प्रश्न विचारतात आणि जगातला प्रत्येक पिचबुक तो झोपेत सोडवतो. कर पंचवीस टक्के धरला तर नफा साडेसातने खाली, रोकड अडीचने वर, ताळेबंद दोन्ही बाजूंनी साडेसातने उतरला. साहेब खूश. मागे काचेच्या कपाटात ॲक्रिलिकचे ठोकळे मांडलेले, प्रत्येकावर एका झालेल्या सौद्याचं नाव. पिचबुकने ते मोजले होते. गणेश मंडळाच्या कपाटात ढाली असतात तशातलाच प्रकार: ढाल कुठल्या सालची, आणि तेव्हा पथकात ढोल कोणी वाजवला, हे कोणी विचारत नाही. मी विचारलं, “यातले ज्याने केले तो माणूस अजून तिथे आहे का?” पिचबुकच्या तक्त्यात तो रकाना नव्हता. छोट्या बँकेत सौदा बँकेचा नसतो, आणणाऱ्याचा असतो. तो उठून गेला की गिऱ्हाईकं त्याच्याबरोबर जातात आणि ठोकळे कपाटात राहतात.

यावर त्याने मला इन्फोसिस ऐकवली. पुण्यातला अर्थविषयक कोणताही वाद तासाभरात इन्फोसिसवर येतो. कंपनी १९८१ मध्ये इथे जन्मली, दोन वर्षांनी बंगळुरूला गेली, आणि १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर काढले तेव्हा इश्यू पुरता भरेना. “तो इश्यू कोणी आणला, सर? एनामने. तेव्हा एनाम छोटीच होती. आणि २०१० मध्ये ॲक्सिस बँकेने एनामचा धंदा २,०६७ कोटींना घेतला.” गोष्ट खरी आहे. पण त्याच नव्वदच्या दशकात सेबीच्या यादीत हजारावर मर्चंट बँकर (सेबीच्या भाषेत हेच इन्व्हेस्टमेंट बँकवाले) होते, आज त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास उरले आहेत. बाकीच्यांच्या गोष्टी सांगायला कोणी नाही. आमच्या कुमठेकर रोडवर पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार होता, १९८२ ते २०१५. त्याच्या पायऱ्यांवर मी चहा प्यायलोय. पिचबुकला तो तिथे होता हेही ठाऊक नव्हतं.

मर्चंट बँकर या जमातीकडे मी निर्मळ मनाने पाहू शकत नाही, हे इथे सांगून टाकतो. स्टार्टअपच्या शेअरचा भाव पुढच्या काळातल्या रोकडीवरून काढून द्यायचा, तसा दाखला आयकरासाठी लागे आणि तो आम्ही सीएसुद्धा देत असू. २०१८ मध्ये नियम बदलला आणि तो अधिकार एकट्या मर्चंट बँकरकडे गेला. या दाखल्यांचा छोट्या मंडळींना बरा आधार झाला. मग २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात, हे दाखले ज्यासाठी लागत तो एंजल टॅक्सच रद्द झाला, तेव्हा मी घरी बासुंदी आणली. ते असो. पण म्हणूनच पिचबुकला मी दोन प्रश्न दिले: या बँकेचं वीजबिल नेमकं कशातून भरलं जातं? आणि भांडवल किती? कित्येक वर्षं मर्चंट बँकरला पाच कोटींची नेटवर्थ पुरत होती. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने दोन वर्ग करायचं ठरवलं: वरच्याला पन्नास कोटी, खालच्याला दहा. खालच्या वर्गाने मेनबोर्डच्या, म्हणजे मुख्य बाजारातल्या इश्यूला हात लावायचा नाही. “ते टप्प्याटप्प्याने आहे, सर,” पिचबुक म्हणाला. मी म्हटलं, तुझा प्रोबेशनही टप्प्याटप्प्यानेच आहे.

लोअर परळचं आकर्षण मला कळत होतं. लहान कंपन्यांसाठी देशातल्या दोन्ही मोठ्या शेअर बाजारांनी २०१२ मध्ये वेगळं दालन उघडलं, आणि पुढे त्यात अशी भरती आली की ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने, जिची मोटारसायकलींची दोन शोरूम होती आणि आठ कामगार, बारा कोटी मागितले तर सुमारे ४,८०० कोटींचे अर्ज आले. पुढच्याच महिन्यात, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, पु. ना. गाडगीळांचा ४८० चा शेअर आठशेच्या वर उघडला आणि लक्ष्मी रोडवर गुलालाला दोन कारणं झाली. अशा हवेत कोणत्या तरुणाला भोसरीचा पत्रा आवडेल? मी त्याला एवढंच सुचवलं, की कुठल्याही आयपीओच्या माहितीपत्रकात मागच्या बाजूला एक तक्ता छापावाच लागतो: या बँकेने आधी आणलेल्या इश्यूंचे भाव तिसाव्या, नव्वदाव्या आणि एकशे ऐंशीव्या दिवशी कुठे होते. पहिल्या दिवसाचे पेढे सगळे खातात. एकशे ऐंशीवा दिवस वाच. त्याने वाचला, आलेख काढला, रंग भरले, आणि तीन दिवस लोअर परळचं नाव काढलं नाही.

याच सुमारास प्रभात रोडची बँक चालवणाऱ्या मॅडमनी त्याला नुसतंच बोलावलं. मुलाखत नाही, घसारा नाही. “शनिवारी भोसरीला चल.” योगायोग असा, की तो कारखाना माझ्या ऑडिटमधला, मालकांनी मलाही थांबवून घेतलं. मालक सत्तरीचे. गाड्यांना लागणारे प्रेसचे सुटे भाग करतात. मुलगा मिशिगनला, सून तिथेच नोकरीला. कोणी परत येऊन शेड सांभाळेल असं दिसत नव्हतं. एक जर्मन कंपनी घ्यायला उत्सुक होती.

पिचबुकने बेचाळीस पानांचं सादरीकरण आणलं होतं. एबिटाच्या सातपट भाव, असं तो सहाव्या पानावर म्हणाला तेव्हा मालकांनी हात वर केला. “ते एबिटा राहू द्या. जागेचे किती धरले?”

“सर, व्हॅल्युएशन बिझनेसचं असतं.”

“बिझनेस जागेवरच आहे ना?”

जागा एमआयडीसीची आहे, पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने, हे पिचबुकने अदबीने सांगितलं. मालकांच्या चेहऱ्यावर, आपल्या घरात आपण भाडेकरू आहोत हे पाहुण्याने सांगितल्याचा भाव आला. “पट्टा आमच्या नावावर आहे,” ते म्हणाले. मग फीचा विषय निघाला. दोन टक्के ऐकून ते माझ्याकडे वळले. “साहेब, फ्लॅटचा एजंटही दोन टक्के घेतो. पण तो निदान किल्ली घेऊन येतो.” पिचबुकने सिनर्जीचं पान उघडलं. त्यात कामगारांचा खर्च अठरा टक्क्यांनी उतरलेला होता. मालक चष्मा वर करून म्हणाले, “हे अठरा टक्के म्हणजे आमचे हेड मिस्त्री का?”

मॅडमनी हात पुढे करून लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, “त्यांनाच बोलवा ना. चहा घेऊ.” मिस्त्री आले. पुढचे दोन तास पहिलं प्रेस मशीन कोणत्या लिलावात मिळालं, ते टेम्पोतून आणताना नाशिक फाट्यावर कसं अडकलं आणि त्या रात्री कोण कोण झोपलं नाही, याच्या कथा झाल्या. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. पिचबुक मोबाइलवर बेरीज करत होता.

परत येताना गाडीत मॅडमनी विचारलं, “मालकांनी मुलाचं नाव किती वेळा घेतलं?”

पिचबुक गप्प.

“एकदाही नाही. सून काय म्हणेल, असं मात्र चार वेळा म्हणाले. तुझी पानं मराठीत कर आणि तिला पाठव. निर्णय तिचा आहे.”

त्या रात्री मला तक्त्याची नवी आवृत्ती आली. त्यात एक रकाना वाढला होता: ‘सून’. वेटेज पाच टक्के.

शेवटी कंटाळून मी त्याला म्हटलं, दोन्हीकडे एकच गोष्ट विचार: गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून कोण सोडून गेलं, आणि त्यांचे नंबर द्याल का? लोअर परळहून उत्तर आलं, की हे धोरणात बसत नाही. मॅडमनी तीन नंबर दिले आणि सांगितलं, “तिसरा माझ्याबद्दल फार वाईट बोलेल. त्यालाच आधी कर.” पिचबुकने केला. तिसरा तासभर बोलला. शनिवार-रविवार नाही. सगळं हाताने लिहायला लावतात. कारखान्यात बूट खराब होतात. बोनस सौदा झाला तरच, आणि एक अख्खं वर्ष एकही सौदा झाला नाही. शेवटच्या दिवशी मालक भावुक होतो, रडतो आणि सही करत नाही. मग मॅडम त्याचं सांत्वन करतात, आपलं कोणी करत नाही. पिचबुकने हे सगळं इमानेइतबारे तक्त्यात भरलं. प्रभात रोड सरळ सरळ हरला. दीड गुणांनी.

दुसऱ्या दिवशी तो तिथे रुजू झाला.

मी कारण विचारलं. म्हणाला, “सर, तासभर शिव्या देत होता, पण प्रत्येक वेळी ‘आमच्या मॅडम’ म्हणत होता.”

पिचबुकच्या तोंडून आकडा नसलेलं वाक्य मी प्रथमच ऐकलं, आणि त्याचं वेटेज विचारायचं टाळलं. आईने सगळ्यांना सांगितलं की घराजवळ मिळाली. वडिलांना बंगल्यात काउंटर नाही हे खटकलं, पण चालत जाता येतं म्हणून त्यांनी सोडून दिलं. आजीने पहिल्या पगारातून पाच हजारांची ठेव केली, खऱ्या बँकेत.

आता तो शनिवारी भोसरीला असतो. बूट खराब झाले. मिस्त्री त्याला ‘बँकवाले’ म्हणतात. तो स्टॉकची यादी हाताने लिहितो आणि रात्री गुपचूप एक्सेलमध्ये घालतो. अभ्यासिकेतली धाकटी मुलं दोन-दोन ऑफर घेऊन त्याच्याकडे यायला लागली आहेत. त्यांना तो आपला जुना तक्ता पाठवतो, रंगांसकट, आणि वर सांगतो की सोडून गेलेल्या तिसऱ्या माणसाला फोन करा. मुलं तक्ता ठेवून घेतात, फोन करत नाहीत.

जर्मन सौदा अजून झालेला नाही. दिवाळीत सून येणार आहे, तेव्हा ठरेल. वाचकांपैकी कोणाचा भोसरी-चाकणकडे कारखाना असेल आणि विकायचं मनात असेल, तर पिचबुकचा नंबर माझ्याकडे आहे. फक्त येण्याआधी भाडेपट्ट्याचा मूळ करारनामा शोधून ठेवा. एमआयडीसीच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही, त्याचं शुल्क वेगळं पडतं, आणि ते कोणी भरायचं यावरच निम्मे सौदे अडतात, असं पिचबुक म्हणतो. निम्मे म्हणजे नेमके किती टक्के, हे मात्र त्याला विचारू नका.